बंदिवानाचा अंतकाळ आणि राजधर्म

१

राजानें अपराध्यास दंड कसा करावा, याविषयीं आपल्याकडे विपुल वाङ्मय आहे. धर्मसूत्रें, स्मृति, त्यांवरील टीका व निबंधग्रंथ यांत अपराधांचे प्रकार, साक्षीपुराव्याचे नियम व दंडाच्या मात्रा हें सर्व बारकाईनें सांगितलेलें आहे. परंतु दंड भोगीत असतां मनुष्य आजारी पडला, वृद्ध झाला, किंवा त्याचा अंतकाळ समीप आला, तर ज्या सत्तेनें त्याला बांधून ठेविलें तिच्यावर कोणतें कर्तव्य येतें, या प्रश्नाकडे अभ्यासकांचें लक्ष त्या मानानें कमी गेलें आहे. त्याचा विचार दोन टोकांच्या पुराव्यावरून करण्याचा येथें हेतु आहे. एक टोक ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतील अशोकाचे लेख, व दुसरें टोक इ. स. १९४२ ते १९४४ या काळांतील पुण्याच्या आगाखान राजवाड्यांतील स्थानबद्धता. मध्यें सुमारें २२०० वर्षें पडतात. तरी प्रश्न तोच आहे, असें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

विषय सुचला तो एका विद्यार्थिनीमुळें. प्रस्तुत लेखक शाळेंत संस्कृत शिकवीत असे, व वर्षांतून एकदां मुलांना आगाखान राजवाडा दाखविण्यास नेण्याचा त्याचा प्रघात होता. आवारांतील समाध्यांपाशीं माहिती सांगून झाल्यावर आठवींतील एका मुलीनें विचारलें, “सर, कस्तुरबा इतक्या आजारी होत्या, तर त्यांना घरीं का सोडलें नाहीं?” त्या वेळीं राज्य परक्यांचें होतें, असें उत्तर मीं दिलें. मुलीचें समाधान झालें नाहीं. तिनें पुन्हां विचारलें, “मग आतां सोडतात का?” या दुसऱ्या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. बस सुटण्याची वेळ झाली, असें सांगून मीं तो टाळला. शिक्षकानें टाळलेला प्रश्न त्याच्या मागें लागतो, असा माझा अनुभव आहे. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां मूळ ग्रंथ व पत्रव्यवहार पुन्हां चाळले. त्याचें फलित पुढें मांडीत आहें.

२

अशोकाचा चौथा स्तंभलेख त्याच्या अभिषेकानंतरच्या २६ व्या वर्षाचा आहे. फिरोझशहा तुघलकानें हरियाणांतील तोप्रा गांवाहून दिल्लीस आणविलेल्या स्तंभावर, तसाच बिहारांतील लौरिया अरराज, लौरिया नंदनगढ व रामपुरवा येथील स्तंभांवर तो आढळतो. जेम्स प्रिन्सेपनें १८३७ सालीं ब्राह्मी लिपि उलगडली, तेव्हां जे लेख प्रथम वाचले गेले त्यांत दिल्लीच्या या स्तंभावरील लेख होते.

लेखाचा विषय ‘राजुक’ नांवाचे अधिकारी हा आहे. लक्षावधि प्रजेवर नेमलेल्या या अधिकाऱ्यांना अशोकानें अनुग्रह व दंड यांबाबत स्वातंत्र्य दिलें. तें कां दिलें हें सांगतांना त्यानें दिलेला दृष्टांत ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. कुशल दाईच्या हातीं मूल सोंपवून बाप जसा निश्चिंत होतो, तसे आपण राजुकांच्या हातीं प्रजा सोंपविली आहे, असें तो म्हणतो. त्यानंतर व्यवहारांत व दंडांत समता असावी अशी इच्छा तो प्रकट करतो. आणि लगेच, त्याच ओघांत, बंधनांत असलेल्या व वधाची शिक्षा झालेल्या मनुष्यांस आपण तीन दिवसांचें ‘योते’ दिलें आहे, असें नमूद करतो.

‘योते’ या शब्दाचा अर्थ बहुतेक विद्वान् ‘मुदत’ किंवा ‘सवलत’ असा घेतात. या तीन दिवसांत काय व्हावयाचें तें लेखांतच सांगितलें आहे. बंदिवानाचे ज्ञाति, म्हणजे आप्त, त्याचे प्राण वांचावे म्हणून अधिकाऱ्यांस पुनर्विचार करावयास लावतील. आणि तसें करणारें कोणी नसेल, तर तो मनुष्य परलोकासाठीं दान देईल किंवा उपवास करील. ज्याची मुदत भरली त्यालाहि परलोक साधतां यावा, अशी आपली इच्छा असल्याचें सांगून अशोकानें हा विषय संपविला आहे.

येथें एका आक्षेपाचा विचार करणें अवश्य आहे. के. आर. नॉर्मन यांनीं १९७५ सालीं असें मत मांडलें कीं, या लेखांतील ‘वध’ म्हणजे देहान्त नसून ताडन होय. संस्कृतांत ‘वध’ शब्द शारीरिक दंड या व्यापक अर्थानें येतो, व स्मृतींतूनहि त्याचे तसे प्रयोग आहेत, ही गोष्ट खरी. तथापि याच वाक्यसमूहांत ‘जीवित’ हा शब्द स्पष्ट आलेला आहे. चाबकाच्या फटक्यांपासून सोडविण्यासाठीं आप्तांना ‘जीवितासाठीं’ रदबदली करण्याचें कारण नाहीं, व फटके खाऊन घरीं जाणाऱ्यास तीन दिवसांत परलोकाची तयारी करावयास सांगणेंहि विसंगत होय. म्हणून देहान्त हाच जुना अर्थ येथें मला ग्राह्य वाटतो.

तो अर्थ धरला, म्हणजे अशोकानें मरणोन्मुख बंदिवानास नेमकें काय दिलें तें दिसतें. पहिली गोष्ट काळ. दुसरी आप्तांचें सान्निध्य व त्यांना बोलण्याची वाट. आणि तिसरी आपापल्या श्रद्धेप्रमाणें अंतकाळाची तयारी करण्याची मोकळीक. अशोकानें देहान्तशासन बंद केलें नाहीं. त्याच्या कारुण्याची ही मर्यादा लपविण्यांत अर्थ नाहीं. शिवाय शिलालेख ही आज्ञा असते. ती कितपत पाळली गेली याची ती साक्ष नव्हे. परंतु शिक्षा झाली म्हणजे मनुष्याशीं राजाचा संबंध संपला, असें अशोक मानीत नव्हता, एवढें यावरून निःसंशय ठरतें.

पांचव्या शिलालेखांत हेंच सूत्र पुढें गेलेलें दिसतें. अभिषेकानंतर १३ वर्षांनीं अशोकानें धर्ममहामात्र नेमले. त्यांच्या कामांत बंदिवानांस साहाय्य करणें, त्यांचे क्लेश दूर करणें व त्यांस मुक्त करणें यांचा समावेश आहे. या कृपेस पात्र कोण, तेंहि तेथें सांगितलें आहे : ज्याला मुलेंबाळें आहेत तो, जो पीडेनें ग्रासलेला आहे तो, व जो वृद्ध आहे तो. मधल्या पदाच्या अर्थाविषयीं मतभेद आहेत. वृद्ध या पदाविषयीं मात्र कोणाचा मतभेद नाहीं. ठाणें प्रांतीं सोपारा येथें आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ सालीं व नवव्याचा १९५६ सालीं सांपडला. त्यावरून शिलालेखांची ही माला आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरहि कोरली गेली होती, असें अनुमान होतें. वृद्ध बंदिवानास सोडण्याची ही आज्ञा आपल्या भूमींतील लोकांनींहि एके काळीं ऐकली असली पाहिजे.

३

कौटिलीय अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्याच्या कालाविषयीं वाद चालू आहे. तो येथें उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं. बंधनागाराविषयींचे त्यांतील नियम मात्र पाहिलेच पाहिजेत. मुंबई विद्यापीठानें प्रसिद्ध केलेली र. पं. कंगले यांची आवृत्ति अभ्यासकांस त्या कामीं उपयोगी पडेल.

दुसऱ्या अधिकरणांत नागरकाच्या कर्तव्यांबरोबर असें विधान आहे कीं, राजाच्या जन्मनक्षत्राच्या दिवशीं व पौर्णिमांना बंधनागारांतील बाल, वृद्ध, व्याधिग्रस्त व अनाथ यांस सोडावें. नवा देश जिंकला असतां, युवराजाचा अभिषेक झाला असतां, किंवा पुत्रजन्माच्या वेळींहि बंदिवानांची मुक्ति विहित आहे. चौथ्या अधिकरणांत बंधनागाराच्या अध्यक्षाचे अपराध सांगितले आहेत. बंदिवानाच्या अन्नपाण्यास त्यानें अडथळा केल्यास ९६ पण, त्याला क्लेश दिल्यास मध्यम साहसदंड व ठार मारल्यास १००० पण, असा दंड आहे. बंदिवानाचें निजणें, बसणें, जेवणें व मलमूत्रविसर्जन यांना आडकाठी करणाऱ्यासहि दंड सांगितला आहे. कौटिल्याच्या मनांत करुणा होती, असा दावा करण्याचें कारण नाहीं. त्याला राज्याची घडी नीट बसवावयाची होती. तरी अधिकाऱ्याच्या हातीं सांपडलेला मनुष्य निराधार असतो, व निराधाराच्या अन्नपाण्याची हमी अधिकाऱ्याच्या स्वभावावर न सोडतां दंडानें बांधावी लागते, हें त्यानें ओळखलें होतें.

पुत्रजन्माच्या वेळीं बंदिवान सोडण्याचा हा संकेत किती रूढ होता, याचें प्रमाण कालिदासांतहि मिळतें. रघूच्या जन्माच्या वेळीं दिलीपाजवळ सोडावयास कोणी बंदिवानच नव्हता. त्यामुळें पितरांच्या ऋणाच्या बंधनांतून तो एकटा स्वतःच मुक्त झाला, असें वर्णन रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत आहे. वर्गांत हा श्लोक शिकवितांना अलंकाराकडे लक्ष वेधून मी पुढें जात असे. बंदिशाळा रिकामी असणें हें आदर्श राज्याचें लक्षण कवीनें मानलें आहे, ही त्यांतील साधी गोष्ट माझ्या ध्यानांत फार उशिरां आली.

आतां या दोन व्यवस्थांतील एक भेद सांगतों. कौटिल्याच्या नियमांत आजाऱ्यास सोडावयाचें तें राजाच्या जन्मनक्षत्रावर, पौर्णिमेस, किंवा राजपुत्राच्या जन्मीं. म्हणजे मुक्तीचें पंचांग राजाचें. ज्याचा व्याधि प्रतिपदेस विकोपास गेला, त्यानें पौर्णिमेपर्यंत तग धरली तर तो सुटला. अशोकानेंहि अभिषेकापासूनच्या २६ वर्षांत २५ वेळां बंधनमोक्ष केल्याचें पांचव्या स्तंभलेखांत नोंदविलें आहे. तोहि प्रकार वार्षिक, म्हणजे राजाच्याच पंचांगाचा दिसतो. परंतु चौथ्या स्तंभलेखांतील तीन दिवस तसे नाहींत. त्यांची गणना त्या एका मनुष्याच्या अंतकाळाशीं बांधलेली आहे. राजाच्या घरीं काय घडत आहे, याच्याशीं त्यांचा संबंध नाहीं. बंदिवानाच्या अंतकाळाविषयींचा राजधर्म तपासतांना घड्याळ कोणाचें चालतें, हा प्रश्न विचारावा, असें मला यावरून सुचतें. पुढील प्रकरणीं हीच कसोटी लावली आहे.

४

९ ऑगस्ट १९४२ रोजीं पहाटे मुंबईस गांधींना अटक झाली व त्यांना पुण्यास आगाखान राजवाड्यांत आणून ठेविलें. महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू व मीराबेन त्यांच्या बरोबर होत्या. त्याच दिवशीं सायंकाळीं शिवाजी पार्कवरील सभेस जाण्यास निघालेल्या कस्तुरबांना डॉ. सुशीला नय्यर यांच्यासह पकडण्यांत आलें, व लवकरच त्यांनाहि पुण्यास हलविलें. १८९२ सालीं बांधलेला हा प्रासाद कारागृहाच्या मानानें ऐसपैस होता. स्थानबद्धांना अन्नवस्त्राची ददात नव्हती. पण तारेचें कुंपण व पहारा होता. कोणास भेटावें व कोणास लिहावें, हें सरकारच्या हातीं होतें.

१५ ऑगस्ट १९४२ च्या सकाळीं महादेवभाईंना हृदयविकाराचा झटका आला व थोड्याच वेळांत त्यांचा प्राण गेला. त्यांचें वय ५० वर्षांचें होतें. शुश्रूषेस अवधीच मिळाला नाहीं. त्यामुळें या मृत्यूबाबत वैद्यकीय हयगयीचा प्रश्न उद्भवत नाहीं. परंतु त्यांची पत्नी व मुलगा अंत्यविधीस येऊं शकले नाहींत. राजवाड्याच्या आवारांतच दहन झालें. देहाला स्नान गांधींनीं स्वतः घातलें.

कस्तुरबांचें दुखणें मात्र दीर्घ होतें, व म्हणून आपल्या विषयाच्या दृष्टीनें तें अधिक बोधक आहे. वय ७४ वर्षांचें, हृदय दुर्बळ, त्यांत श्वासनलिकेचा विकार. १९४३ च्या अखेरीपासून झटके येऊं लागले व १९४४ च्या जानेवारींत प्रकृति ढासळली. या काळांतील गांधी व सरकार यांचा पत्रव्यवहार पुढें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आहे. तो वाचतांना असें दिसतें कीं, सरकारनें बहुतेक गोष्टी अखेरीस दिल्या. पण प्रत्येक गोष्ट मागावी लागली, व मागणें आणि मिळणें यांमध्यें दिवस गेले.

तीं प्रकरणें क्रमानें पाहूं. पहिलें वैद्याचें. येरवड्याच्या तुरुंगांत असलेले डॉ. गिल्डर हे हृदयविकाराचे तज्ज्ञ. त्यांना राजवाड्यांत आणून ठेवण्यांत आलें होतें, व डॉ. सुशीला नय्यर तेथें होत्याच. सरकारी वैद्यकीय अधिकारीहि येऊन पाहून जात. परंतु कस्तुरबांना पुण्याचे निसर्गोपचारतज्ज्ञ डॉ. दिनशा मेहता व आयुर्वेदाचा कोणी वैद्य हवा होता. डॉ. मेहतांची परवानगी पत्रव्यवहारानंतर आली. लाहोरचे वैद्य शिव शर्मा यांनाहि येऊं दिलें. पण रात्रीं त्यांनीं आवारांत राहूं नये, अशी अट पडली. दुखण्याचा जोर रात्रींच वाढे. म्हणून वैद्य महाशय फाटकाबाहेर आपल्या मोटारींत निजत, व बोलावणें आलें म्हणजे अधिकाऱ्यांना उठवून त्यांना आंत घ्यावें लागे. गांधींनीं मध्यरात्रीनंतर उठून याविषयीं सरकारला पत्र लिहिलें, तेव्हां त्यांना आंत राहूं देण्यांत आलें. तोंवर रोग हाताबाहेर गेला होता. थोड्याच दिवसांत वैद्यांनींहि आपले उपाय थकल्याचें सांगितलें.

दुसरें प्रकरण शुश्रूषा करणारांचें. तिसरें भेटींचें : मुलें व आप्त यांना येऊं दिलें जाई, परंतु कोण, किती वेळ व कोणाच्या उपस्थितींत, यावर पत्रें होत. चौथें सुटकेचें. सरकारच्या वतीनें पुढें अमेरिकेंत असें सांगण्यांत आलें कीं, कस्तुरबांना सोडण्याचा विचार अनेकदां झाला होता, परंतु पतीजवळ राहण्याची त्यांचीच इच्छा असल्यामुळें ती इच्छा मानली गेली. गांधींनीं यास लेखी हरकत घेतली. त्यांचें म्हणणें असें कीं, सोडण्याचा प्रस्ताव कस्तुरबांपुढें कधीं ठेवलाच गेला नाहीं. त्या गेल्या असत्या कीं नसत्या, हा प्रश्न निराळा. जिला विचारलेंच नाहीं तिची इच्छा आपण पाळली असें म्हणणें, हें न्यायाच्या कोणत्याहि शास्त्रांत बसणारें नाहीं.

पांचवें प्रकरण औषधाचें. तें सरकारविरुद्ध जात नाहीं; म्हणूनच तें गाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. पेनिसिलिन त्या काळीं दुर्मिळ होतें. तें कलकत्त्याहून विमानानें आलें. देवदास गांधी तें देण्याच्या पक्षाचे होते. परंतु तें दर कांहीं तासांनीं टोंचावें लागतें, असें कळल्यावर, आतां या देहास आणखी यातना नकोत, असें ठरवून गांधींनीं मुलाला परावृत्त केलें. या निर्णयावर पुष्कळांनीं टीका केली आहे. वैद्यकदृष्ट्या त्याचें समर्थन करण्याचा मला अधिकार नाहीं. आपल्या विषयाला उपयुक्त गोष्ट इतकीच कीं, मरण समीप आलें असतां उपाय कोठें थांबवावे, हा प्रश्न बंदिवानाच्या घरच्यांनाहि पडतो, व तो त्यांना शांतपणें सोडवितां यावा एवढी मोकळीक निदान त्या दिवशीं तेथें होती.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजीं, महाशिवरात्रीच्या सायंकाळीं, गांधींच्या मांडीवर कस्तुरबांनीं देह ठेविला. गांधींनीं सरकारपुढें अंत्यविधीचे पर्याय ठेविले. देह मुलांच्या व आप्तांच्या स्वाधीन करावा व बाहेर उघडपणें दहन होऊं द्यावें. नाहींतर महादेवभाईंप्रमाणें आवारांत दहन व्हावें, पण आप्तांबरोबर स्नेह्यांनाहि येऊं द्यावें. आणि केवळ आप्तांनाच येऊं द्यावयाचें असेल, तर बाहेरच्या कोणासच नको, सहबंदिवान पुरे आहेत. सरकारनें मधला पर्याय स्वीकारला. शंभराहून अधिक माणसें दुसऱ्या दिवशीं आवारांत जमलीं. गांधींनीं काढलेल्या सुताचें लुगडें नेसवून कस्तुरबांना चितेवर ठेवण्यांत आलें.

या वर्तनाचें मोल करतांना मागील उदाहरणेंहि पाहिलीं पाहिजेत. बहादुरशहा जफर ७ नोव्हेंबर १८६२ रोजीं रंगूनला कैदेंत वारला, त्याच दिवशीं घाईनें पुरला गेला, व थडगें ओळखूं येऊं नये अशी व्यवस्था झाली. वासुदेव बळवंत फडके १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या तुरुंगांत, स्वजनांपासून समुद्रापलीकडे मेले. त्या मानानें १९४४ सालचें सरकार पुष्कळ मऊ होतें. परंतु आपली कसोटी लावली, तर घड्याळ कचेरीचेंच होतें असें म्हणावें लागतें. दुखणें रात्रींचें, आणि परवानगी दिवसाची.

यानंतरची एक घटना या प्रकरणाचा उलगडा करते. गांधी स्वतः हिंवतापानें आजारी पडले, तेव्हां ६ मे १९४४ रोजीं प्रकृतीच्या कारणावरून त्यांची सुटका झाली. त्या आवारांत दोन चिता जळल्या होत्या. तिसरा मृत्यु, व तोहि गांधींचा, आपल्या ताब्यांत होऊं नये, ही चिंता या निर्णयामागें होती. यावरून, आजारी बंदिवानास सोडणें नेहमींच करुणेचें असतें असें नव्हे, असा निष्कर्ष निघतो. कधीं तें सत्तेचें आपल्यावरील ओझें खालीं ठेवणें असतें. कौटिल्याच्या यादींतील ‘अनाथ’ हें पद येथें आठवतें. ज्याला जावयास घर नाहीं, त्याला मरतेवेळीं दाराबाहेर सोडणें म्हणजे दया नव्हे.

५

कस्तुरबांच्या खाटेजवळ कोण होतें, याकडे आतां वळूं. डॉ. नय्यर बंदिवान. डॉ. गिल्डर बंदिवान. नातीच्या नात्याची मनू गांधी हिला नागपूरच्या तुरुंगांतून आणलेलें. जयप्रकाश नारायण यांच्या पत्नी प्रभावतीबाई यांना भागलपूरच्या तुरुंगांतून आणलेलें. बाहेरून येऊं दिलेल्यांत कनू गांधी प्रमुख. म्हणजे एका मरणोन्मुख बंदिवान स्त्रीची सेवा मुख्यतः इतर बंदिवानांनीं केली. स्वातंत्र्याच्या इतिहासांत ही गोष्ट एखाद्या तपशिलासारखी येते व जाते. परंतु तिच्यांत एका व्यवस्थेचें बीज आहे.

तें बीज अन्यत्र रुजलेलें दिसतें. अमेरिकेच्या लुइझियाना संस्थानांत अँगोला या नांवानें प्रसिद्ध असलेलें एक प्रचंड कारागृह आहे. तेथील पुष्कळ बंदिवान आजन्म शिक्षेचे, व त्या संस्थानच्या कायद्यामुळें सुटकेची आशा नसलेले. म्हणून तेथें वृद्धपणीं मरणें हा नित्याचा प्रकार. १९९८ सालीं तेथें मरणोन्मुख बंदिवानांसाठीं शुश्रूषागृहाची योजना सुरू झाली. तिचा विशेष असा कीं, शुश्रूषा करणारे स्वयंसेवक हे बंदिवानच असतात. त्यांना त्यासाठीं शिक्षण दिलें जातें. रोग्याचें अंग पुसणें, भरविणें व शेवटच्या दिवसांत आळीपाळीनें अहोरात्र जवळ बसणें, हीं कामें ते करतात. मृतांसाठीं लागणाऱ्या लांकडी शवपेट्याहि तेथील बंदिवानच बनवितात. ज्यानें पूर्वीं कोणाचा तरी प्राण घेतला, तोच येथें दुसऱ्याच्या उशाशीं रात्रभर जागतो. मरणाऱ्याइतकाच त्यालाहि याचा लाभ होतो, असें तेथील लोक सांगतात, व तें पटण्यासारखें आहे. राजदंड भोगलेला मनुष्य निर्मळ होतो, असें मनूच्या आठव्या अध्यायांत सांगितलें आहे. तें वचन राजाच्या स्तुतीपर आहे असें मी मुलांना सांगत असे. दंड भोगून होत आल्यावर मनुष्याच्या माथीं कलंक शिल्लक ठेवूं नये, असाहि त्याचा अर्थ होऊं शकतो, हें आतां जाणवतें.

या उदाहरणाचीहि मर्यादा सांगितली पाहिजे. मरेपर्यंत कोणासच सोडावयाचें नाहीं, असा कायदा ठेवून मरतेवेळीं मऊ उशी द्यावयाची, यांत एक विसंगति आहे. अशोकाच्या तीन दिवसांतहि तीच होती. परंतु मोठी विसंगति मिटेपर्यंत लहान कर्तव्य थांबवावें, हें म्हणणें मरणाऱ्यास परवडत नाहीं.

६

संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेनें १७ डिसेंबर २०१५ रोजीं बंदिवानांच्या वागणुकीचे सुधारलेले नियम मान्य केले. नेल्सन मंडेला यांच्या नांवानें ते ओळखले जातात. समाजांत इतरांस जशी वैद्यकीय मदत मिळते तशीच बंदिवानास मिळावी, निकटच्या आप्ताचें दुखणें विकोपास गेल्यास बंदिवानास शक्यतों त्याच्या भेटीस जाऊं द्यावें, व बंदिवान मेल्यास त्याचा देह सन्मानानें आप्तांच्या स्वाधीन करावा, असें त्यांत आहे. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८० व्या कलमांत, आरोपी आजारी किंवा दुर्बळ असल्यास गंभीर गुन्ह्यांतहि त्याला जामिनावर सोडण्याची मुभा न्यायालयास आहे. जुन्या संहितेंतहि ती होती. म्हणजे अशोकाचा ‘वृद्ध’ व कौटिल्याचा ‘व्याधिग्रस्त’ हीं दोन्ही पदें आपल्या विचारांत अद्याप जिवंत आहेत.

पण मुभा म्हणजे मुदत नव्हे. फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्यें अटक होऊन तळोजा येथील कारागृहांत ठेवण्यांत आलें. त्यांना कंपवात होता. पेला हातांत धरतां येत नाहीं म्हणून नळीचें भांडें मिळावें, असा अर्ज न्यायालयांत करावा लागला. मे २०२१ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या परवानगीनें त्यांना मुंबईच्या एका रुग्णालयांत हलविलें, व ५ जुलै २०२१ रोजीं, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतां, ८४ व्या वर्षीं ते वारले. त्या खटल्याच्या गुणदोषांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं, व खटला चालून निकाल झालेला नसल्यामुळें तें योग्यहि होणार नाहीं. परंतु फाटकाबाहेर मोटारींत निजणारा वैद्य व न्यायालयांत मागावें लागलेलें तें भांडें यांत सुमारें ७७ वर्षांचें अंतर आहे, एवढें नोंदविणें इतिहासाच्या अभ्यासकाचें काम आहे.

तेव्हां त्या मुलीस आज उत्तर द्यावयाचें झाल्यास असें देईन : कधीं सोडतात, कधीं सोडीत नाहींत, आणि अजून विचारावें लागतें. राज्य परकें होतें म्हणून सोडलें नाहीं, हें माझें पहिलें उत्तर अपुरें होतें. ज्याला आपण बांधून ठेविलें, त्याचें मरण हा आपल्या कारभाराचाच भाग आहे, ही जाणीव स्वकीय राज्यालाहि आपोआप येत नाहीं. ती नियमांत घालावी लागते, जशी एकानें स्तंभावर कोरविली व दुसऱ्यानें ९६ पणांच्या दंडानें बांधली. बंदिवानाच्या अंतकाळीं वैद्य, आप्त व देहाची व्यवस्था या तीन बाबतींत मागणीची वाट न पाहतां ठराविक मुदतींत निर्णय झालाच पाहिजे, असा साधा नियम झाला, तरी पुष्कळ काम होईल.

शेवटीं एक विनंति. मराठेशाहींत किल्ल्यांवर अटकेंत असलेल्यांचा आजार, त्यांस दिलेला वैद्य, आप्तांच्या भेटी किंवा मृत्यूनंतरची व्यवस्था यांसंबंधींचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते या त्रैमासिकांत प्रसिद्ध करावे. शिध्याची एखादी यादी, दहनखर्चाची एखादी ओळ, एवढ्यावरूनहि या विषयाची मधली पोकळी थोडीफार भरून निघेल.